दूरचं की जवळचं

"अबे, या बाईनं मले ताई म्हटलं!"

फुलांच्या दुकानात, टांगलेल्या हारांच्या मागे बसून मी हे ऐकलं. बोलणाऱ्याला मिशी होती. साधीसुधी नाही, रोज आरशासमोर वेळ दिलेली, टोकं वर वळवलेली मिशी. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असता तर मी आत्याची बाजू घेतली असती, कारण अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपट्ट्याच्या आत कोण आहे हे सख्ख्या आईलाही सांगता येत नाही. पण त्यानं दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला होता आणि मोटरसायकल लावून तो चांगला उजेडात उभा होता. आत्यानं त्याच्याकडे तोंड करून, हसून विचारलं होतं, "या ताई, गजरा देऊ का?"

गाडीवर बसलेला त्याचा मित्र हसून हसून खाली पडायचा राहिला. "घे ना बे, शोभन तुले," तो म्हणाला.

"मस्करी केली ना भाऊ," आत्या लगेच म्हणाली. "एवढी मिशी कोनाले दिसत नाई का?"

तोही हसला, हार घेऊन गेला. आत्या मात्र हसत नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा रस्त्याकडे बघितलं, पुन्हा पुसले. गाडीची काच पुसल्यासारखे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अकोल्यात एका देवळासमोरच्या चौकात तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली लाकडी फळी आणि फुलांच्या टोपल्या. आमचं घराणंच फुलं-भाजीवाल्यांचं. भातकुलीकडे अजून शेत आहे, त्यात झेंडू होतो, शेवंती होते आणि भावकीची भांडणं होतात. मी वाढले अमरावतीत, राजापेठेत. नोकरी अकोल्यात लागली, म्हणून आठवडाभर आत्याकडे राहायचं आणि शनिवारी गाडी पकडून घरी जायचं. घरच्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की पोरगी फाडफाड इंग्रजी बोलेल. मी इंग्रजीत गप्प बसायला शिकले. मराठीत गप्प बसणं मला आधीपासून येत होतं.

आत्याला माझा गप्पपणा आवडायचा. ऑफिस सुटल्यावर मी दुकानात हारांच्या मागे स्टूल घेऊन बसायची. तिथे मी कोणाला दिसत नसे आणि मला सगळे दिसत. आणि आत्या हार गुंफता गुंफता चौकाचं धावतं वर्णन करायची.

हे वर्णन म्हणजे आत्याच्या आयुष्यातला खरा आनंद होता. फुलं विकणं हा जोडधंदा. चौकाच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानासमोर कोण उभं आहे; कोणाच्या गाडीवर मागे कोण बसलंय; ते दोघं काल कसे बसले होते आणि आज मधलं अंतर कमी झालंय का. "त्या निळ्या शर्टाले पाह्य. सासरवाडीहून आला. तोंड पाह्य त्याचं, खाल्लेलं पचून नाई राहिलं." किंवा, "ते मास्तरीन बाई पाह्य, आज मोठा कुंकू लावला. घरी भांडन झालं नक्की." दुरून चालत येणारं माणूस ती चालीवरून ओळखायची आणि ते दुकानाशी पोचेपर्यंत त्याचा नेहमीचा पुडा बांधून तयार असायचा. गिऱ्हाईक त्यानंच खूश. आणि चौकातल्या प्रेमविवाहांची बातमी मुलीच्या बापाच्या आधी तिच्याकडे असे. एखादी जोडी लांब उभी राहून बोलताना दिसली की ती म्हणायची, "हे पाह्य, मंडपाचे हार आपल्याकडूनच जातीन."

एक गोष्ट तिच्या बाजूनं सांगायला हवी. बातमी ती जमवायची, वाटायची नाही. कोणाचं काय दिसलं हे तिनं कधी कोणाच्या घरी नेऊन सोडलं नाही. मला सांगायची, कारण मला सांगणं म्हणजे विहिरीत टाकणं. वर काही येत नाही.

यात एक गमतीचा भाग असा की हे सगळं होताना तिचे हात आपले आपण चाललेले असायचे. झेंडू, पान, झेंडू, पान, मध्ये शेवंती. सुईकडे किंवा फुलाकडे ती बघायचीच नाही. तिच्या बोटांना डोळे होते आणि डोळ्यांना दुसरं काम होतं.

आता डोळ्यांचं.

मिशीवाल्याच्या काही महिने आधी आत्याच्या घरी एक चमत्कार झाला होता. आत्याचा जवळचा चष्मा सुटला. कॅलेंडरवरची बारीक तिथी, औषधाच्या पट्टीवरची तारीख, सगळं ती चष्म्याशिवाय वाचायला लागली. याचं श्रेय ताबडतोब मामाजींनी घेतलं. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाजी म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत आणि दिवसभर मोबाईलवर डॉक्टरकीचे व्हिडिओ बघतात. एका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात मोबाईल, आणि जगातल्या प्रत्येक आजारावर घरगुती इलाज. आत्याचे डोळे ते रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्यानं धुवायला लावत आणि वर गाजराचा रस पाजत.

"पाह्यलं का? डॉक्टरच्या बापाले जमलं नसतं," ते गल्लीत सांगत सुटले. गल्लीतल्या बायका त्रिफळा विचारायला यायला लागल्या. समोरच्या काकूंनी तर अतिउत्साहात दुसऱ्याच दिवशी चष्मा काढून ठेवला आणि पोह्यात मोहरीच्या जागी मेथ्या घातल्या.

मामाजींच्या आयुष्यात एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता. एसटीत मागून सगळे ओरडतच असायचे.

पण जवळचं दिसायला लागलं तसं आत्याचं दूरचं जाऊ लागलं, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कारण हार तसेच होत होते. झेंडू, पान, झेंडू, पान. घरात ज्याला त्याला हार दिसत होते. हार होत आहेत म्हणजे डोळे ठीक आहेत.

मी मागे बसून ऐकत होते, म्हणून मला फरक कळला. वर्णन आटत चाललं होतं. आधी निळ्या शर्टाचा सासरवाडीचा चेहरा गेला. मग नुसता निळा शर्ट उरला. मग आत्या म्हणायला लागली, "तिकडं कोनीतरी उभं हाये." कोणीतरी! आत्याच्या चौकात कोणीतरी कधीच उभं नसायचं. दिवेलागणीला समोरून गाड्या आल्या की ती तोंड फिरवायची. म्हणे दिवे फुटतात, झाडासारखे पसरतात. नेहमीची गिऱ्हाईकं फळीशी येऊन उभी राहीपर्यंत तिला कळायचं नाही, मग गिऱ्हाईकं रुसायची. एका आजोबांनी तर दुकानच बदललं. "ओयख ठेवत नाई आता ते बाई, मोठी झाली," असं म्हणाले.

आणि एकदा सकाळी फुलबाजारात तिनं भांडण काढलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून पिशव्या उचलायला मी बरोबर होते. व्यापाऱ्यानं पांढरी शेवंती पुढे केली. आत्या म्हणाली, "शिळी हाये. पिवळी पडली."

"काकू, आत्ता टेम्पोतून उतरवली," तो म्हणाला. "पानी टपकून राहिलं अजून."

"पानी मारून आनलं असन. मले शिकवू नको. पिवळीजर्द पडली ते."

मी शेवंतीकडे बघितलं. दुधासारखी पांढरी होती. व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीकडे बघितलं. आत्यानं सगळ्या बाजारात फिरून सगळ्यांची पांढरी शेवंती शिळी ठरवली आणि शेवटी वैतागून झेंडू घेऊन आली. त्या दिवशी अकोल्यातला एकही फूलवाला प्रामाणिक उरला नव्हता.

घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं. म्हातारपणी जवळचा चष्मा अचानक सुटणं, पांढरं पिवळट दिसणं, दिव्यांभोवती किरणं, लांबचे चेहरे धूसर. सगळ्याचं उत्तर एकच येत होतं: मोतीबिंदू. चष्मा सुटणं हा चमत्कार नव्हता, लक्षण होतं. डोळ्यातलं भिंग वयानं घट्ट आणि गढूळ होत जातं, त्यात काही काळ जवळचं बरं दिसायला लागतं. माणूस पेढे वाटतो. आम्ही वाटले होते.

मग मी कोणाला सांगितलं का? नाही. त्याला दोन कारणं होती.

एक म्हणजे मामाजी. त्यांचा त्रिफळा मोडून काढायचा म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागणार. मी तर रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायचं सुचेपर्यंत दोन चौक पुढे जाऊन चालत मागे येणारी.

दुसरं कारण माझं स्वतःचं होतं. ऑफिसातला एक जण मला संध्याकाळी गाडीवर सोडायचा. चौकाच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानासमोर. सुरुवातीला मी त्याला दोन गल्ल्या आधीच थांबवायची, कारण आत्याच्या नजरेच्या टप्प्यात गाडीवरून उतरणं म्हणजे मंडपाच्या हारांची ऑर्डर देणं. एकदा तो चुकून चौकातच आला. आत्या सरळ आमच्याकडे बघत होती. मी उतरले, रस्ता ओलांडला, दुकानात आले. आत्या म्हणाली, "आज उशीर झाला वो बाई. रिक्षा नाई भेटली का?"

त्यानंतर आम्ही रोज चौकातच उतरायचो. कधी कधी थांबून बोलायचोही. आत्याच्या डोळ्यात मोती वाढत होता आणि माझी सोय होत होती.

मिशीवाल्याचा प्रसंग झाला आणि सोय मला जड व्हायला लागली. त्या संध्याकाळी आत्या नुसती बसून राहिली. चौक भरलेला होता, लग्नसराई होती, गाड्यांवरून माणसं नटूनथटून जात होती, आणि ती म्हणाली, "काही मजा नाई राहिली वो चौकात. सगळे लोकं सारखेच झाले."

मी तिथेच बसून बाबांना मेसेज केला. समोर बसलेल्या माणसालाही मेसेज करणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं. बाबा तर अमरावतीत होते. लिहिलं, 'आत्याला मोतीबिंदू आहे बहुतेक. दूरचं दिसत नाही.' त्यांचं उत्तर आलं, 'म्हणूनच! मागच्या महिन्यात रस्त्याच्या पलीकडून एवढा हात हलवला तर पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला वाटलं राखीच्या साडीवरून रुसली.' बाबा महिनाभर बहिणीवर उलटे रुसून बसले होते. भांडण दोघांचं आणि माहीत एकालाच.

रविवारी बाबाच अकोल्याला आले, म्हणून त्या शनिवारी मी घरी गेले नव्हते. त्यांनी बहिणीला दारात उभं करून लांबून बोटं दाखवली. आत्यानं अंदाजानं आकडा सांगितला, चुकला. मामाजी चिडले.

"मोतीबिंदू? जवळचा चष्मा सुटला तिचा! उलटं झालं असतं का?"

"सुटला म्हनूनच तं," बाबा म्हणाले. पुढच्या मेसेजमध्ये मी सगळं समजावून लिहिलं होतं.

"बरं, असला तं असू दे. कच्चा असन अजून. पिकल्याबिगर काढत नाईत. आमच्या मायचा काढाले पुरा अंधार पडेपर्यंत थांबले होते."

"तवाचं तवा होतं, जवाई. आता तसं नाई राहिलं. अमरावतीले न्या तिले. आमच्या घराजवळ डॉक्टरीन हाये, चांगली."

"काहून? अकोल्यात डोये नाईत का लोकायले?"

यावर अकोला मोठं की अमरावती हा वाद झाला. तो या दोन शहरांतली माणसं भेटली की होतोच आणि कधी संपत नाही. शेवटी आत्यानंच सोडवला. "माहेरी जातो मी. ऑपरेशन झालं तं झालं, नाई तं आराम तं होईन." तिच्या पिढीतल्या बायका वऱ्हाडीत स्वतःविषयी 'जातो' म्हणतात. पुण्याची माझी मैत्रीण हे ऐकून दचकली होती.

राजापेठेतल्या त्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो: आत्या, मामाजी, बाबा आणि मी. मला न्यायचं कारण बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी इंग्रजी मीडियमची हाये. डॉक्टरीन काही इंग्रजीत बोलली तं हे पाह्यन." मामाजी म्हणाले, "बोलनार नाई, पाह्यनच फक्त."

आत एका खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी. रांगेत आत्याच्या आधी तीन-चार जण होते. प्रत्येक जण मोठ्यानं वाचत होता. आत्या डोळे मिटून शांत बसली होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. तिचा नंबर आला. खुर्चीत बसली, एका डोळ्यावर झाकण लावलं आणि तपासणाऱ्या माणसानं "वाचा" म्हणायच्या आत वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. शेवटची बारीक ओळसुद्धा.

"काकू," तो म्हणाला, "तक्त्याचा लाईट अजून लावला नाही मी."

त्यानं दुसरा तक्ता लावला. आत्याला वरचं एक मोठं अक्षर दिसलं. त्याबद्दलही तिनं घासाघीस केली: "म हाये, नाई तं भ हाये. दोनात काय एवढा फरक?"

डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, घाईत असलेल्या आणि मराठीत बोलणाऱ्या निघाल्या. बाबांचा चेहरा पडला. बाईंनी आत्याच्या डोळ्यात औषध टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रातून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत आहे. उजवा जास्त. आणखी थांबलं तर भिंग टणक होईल, मग काढायला तुम्हालाही त्रास आणि मलाही. पिकायची वाट बघायची नाही, ते फळ नाही."

मामाजींनी खानदानाचा अपमान झाल्यासारखं बघितलं.

"डोळ्यात काही टाकत होता का?"

"त्रिफळा," मामाजी म्हणाले. छाती पुढे आली होती. "चष्मा सुटला तिचा."

"चष्मा मोतीबिंदूनं सुटला. त्रिफळ्यानं डोळा नुसता ओला झाला." मामाजींची छाती परत गेली. "आणखी काही?"

आत्यानं कमरेची पिशवी उघडून एक छोटी बाटली काढली. दुकानात धुळीनं डोळे चुरचुरले की ती टाकायची. मेडिकलवाल्यानं कधीतरी दिली होती, मग दरवेळी तीच आणायची. डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली आणि टेबलाखालच्या डब्यात टाकून दिली. "यात स्टेरॉईड आहे. न विचारता वर्षानुवर्षं टाकलं की याच्यानंही मोतीबिंदू वाढतो, डोळ्यातला दाब वाढतो. दाब वाढला तर नजर जाते, ती परत येत नाही. मोतीबिंदूची येते. नशीब, तुमचा दाब ठीक आहे." मग त्यांनी दुकानाचं तोंड कुठे आहे विचारलं. पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यात. त्यावर म्हणाल्या, कपाळावर छपरी येईल अशी टोपी घाला, नाहीतर ताडपत्री खाली ओढा. शुगर तपासली का? तपासली होती, वाढलेली होती. ती आटोक्यात आणा, मगच ऑपरेशन, आणि नंतरही दर वर्षी डोळ्याचा पडदा दाखवायचा. मग मामाजींच्या गालाकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही तो खर्रा सोडा. तंबाखूनं डोळेही लवकर जातात. पुढचा नंबर तुमचाच."

"मले सगळं दिसते," मामाजी म्हणाले.

"आत्ता या खोलीत तुम्हाला माझी पाटी दिसली का? 'तंबाखू खाऊन आत येऊ नये.'"

मामाजींनी मान वळवून पाटीकडे बघितलं. ती त्यांच्या डोक्याच्या बरोबर मागे होती, म्हणून ते म्हणाले, हे काही बरोबर नाही.

आणि मग तो प्रश्न आला.

"गढूळ भिंग काढून आपण आत नवं बसवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साध्या भिंगातून एकच अंतर चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. दूरचं ठेवलं तर वाचायला चष्मा. जवळचं ठेवलं तर लांबचं बघायला चष्मा. दोन्ही दिसणारं असतं, पण यांच्या पडद्यावर शुगरचे थोडे डाग आहेत, यांना ते नको. तर ठरवा. दूरचं की जवळचं? एकदा बसवलं की बदलणं सोपं नाही."

"जवळचं," मामाजी म्हणाले. एवढ्या झपाट्यानं त्यांनी आयुष्यात ब्रेक मारला नसेल. "जवळचं चांगलं दिसते तिले आता. ते काहून मोडता?"

"बरोबर हाये," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा साळा आणि जावई एका बाजूला आले. "फुलाचा धंदा तिचा. दिवसभर सुई-दोरा हातात. दूरचं पाहून काय करनार ते? लागलंच तं चष्मा लावन."

"काकू, तुम्हाला काय वाटतं?"

आत्या म्हणाली, "काही चालते बाप्पा. कामापुरतं दिसलं म्हनजे झालं."

ती दुसरं काय म्हणणार होती? नवऱ्यासमोर, भावासमोर, डॉक्टरीणबाईसमोर एका साठीच्या बाईनं सांगायचं की मला चौकातली माणसं बघायची आहेत, कोण कोणाच्या गाडीवर बसलंय ते बघायचंय? कामासाठी डोळे मागता येतात. मजेसाठी मागायची सोय आमच्याकडे नाही. आणि लांबचा चष्मा ती दिवसभर लावेल हे खोटं होतं. ओल्या फुलांतले हात, घाम, वाफ. दुकानात तिनं कधी नाकावर काही टिकू दिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या. तेवढ्यात बाहेर कोणाचं तरी भांडण जुंपलं. एक बाई आणि एक पुरुष, दबक्या आवाजात. दार अर्धवट उघडं होतं. आत्याच्या बाहुल्या औषधानं मोठ्या झालेल्या होत्या, तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी तिची मान दाराकडे वळली. तिनं माझा हात ओढला आणि कुजबुजली, "कोन हाये वो? नवरा-बायको का?"

"हो," मी कुजबुजले.

"तोंड कसं केलं तिनं?"

मी बघितलं. सांगायला गेले आणि मला सांगता येईना. बाईनं तोंड वाकडं केलं होतं, पण त्याच्या आत हसू होतं, ती भांडण जिंकत आली होती आणि तिला ते कळलं होतं. हे आत्यानं पाव वाक्यात सांगितलं असतं. मी म्हटलं, "रागावली आहे."

"बस?" आत्या म्हणाली. तिनं माझा हात सोडला आणि मान परत सरळ करून बसली, दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखी. पोट भरलं नाही, पण आता मागायचं नाही.

डॉक्टरीणबाईंचं पेन चाललं होतं. मामाजी रुमालात काहीतरी थुंकून खिशात ठेवत होते. बाबा मला खुणेनं विचारत होते, इंग्रजीत काही विचारायचंय का. मी चौकाचा विचार केला. झेरॉक्सचं दुकान. गाडी थांबण्याची ती नेमकी जागा, जिथून आत्याची फळी सरळ समोर येते. ऑपरेशन झालं की त्या जागेवर उभं राहायची माझी हिंमत होणार नव्हती, किंवा मग चांगलीच करावी लागणार होती. मनात मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग शुद्ध मराठीत, आणि तोंडातून तिसरंच निघालं, घरचं, जे मी घराबाहेर कधी बोलत नाही.

"मॅडम, थांबा. दूरचं लिहा. हातातलं काम ते न पाहता करते. तिले लोकं पाह्यचे असते."